कॉलच्या सवयींवरून महत्त्वाचे क्रमांक जतन करणे : फोनचे काम किती आणि आपले किती

गोव्यात डिचोलीला आमच्या घरामागे अकरा माड आहेत आणि दर अडीच-तीन महिन्यांनी पाडेली येऊन नारळ काढून जातो. त्याला बोलावण्याची आईची पद्धत वर्षानुवर्षे ठरलेली होती : कॉलची यादी उघडायची, बोटाने खाली खाली जायचे आणि ओळखीच्या अंकांनी संपणारा क्रमांक दिसला की तो दाबायचा. क्रमांक तिने कधी सेव्ह केला नाही, कारण यादीत तो असतोच, अशी तिची समजूत होती. बाबांचा फोन बंद केल्यापासून मात्र घरचे सगळेच कॉल तिच्या फोनवर येऊ लागले आणि गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर यादी संपली तरी पाडेल्याचा क्रमांक काही आला नाही. मी ती यादी नीट पाहिली तेव्हा सेव्ह न केलेल्या क्रमांकांपैकी सर्वांत जास्त वेळा फोन करणारा निघाला तो कर्ज देऊ करणाऱ्या कोणा कंपनीचा माणूस. महिन्याभरात त्याने चौदा कॉल केले होते आणि त्यांतला एकही आईने दहा सेकंदांहून अधिक ऐकला नव्हता.

"एवढे सगळे फोनला दिसते, तर कामाचे क्रमांक तो आपणच का ठेवून घेत नाही?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आणि त्यावरचा उपाय दोन्ही पुढे सविस्तर दिले आहेत. सगळ्या पायऱ्या एका बैठकीत करायच्या म्हटल्या तर दोनेक तास लागतात, पण पहिल्या तीन झाल्या तरी निम्म्याहून अधिक काम होते.

फोन काय मोजतो आणि कुठे थांबतो

प्रत्येक कॉलमागे फोन एक नोंद करतो. तीत क्रमांक, तारीख, वेळ आणि बोलण्याचा कालावधी असतो, शिवाय कॉल आलेला होता की केलेला, चुकलेला, नाकारलेला की अडवलेला, हेही असते. एवढ्या माहितीवरून तुम्ही कोणाशी किती वेळा बोलता, कोण तुम्हाला फोन करतो आणि कोणाला तुम्ही आपणहून करता, याचा अंदाज बांधणे यंत्राला अवघड नाही. तो अंदाज फोन वापरतोही : वारंवार बोलणाऱ्यांची नावे वर आणतो, डायल करताना दोन-तीन अंक दाबताच पुढचा क्रमांक सुचवतो, आणि आयफोनवर एखादा अनोळखी क्रमांक तुमच्या ईमेलमध्ये आढळला असेल, तर त्यापुढे 'कदाचित अमुक' असे नावही दाखवतो.

मात्र सुचवणे वेगळे आणि जतन करणे वेगळे. आज सर्वसाधारण वापरातले फोन कॉलच्या संख्येवरून एखादा क्रमांक तुमच्या संपर्कांत स्वतःहून कायमचा लिहीत नाहीत. त्याचे पहिले कारण अगदी साधे आहे : क्रमांकाला नाव नसते. फोनला दहा अंक कळतात, तो माणूस पाडेली आहे की मासे विकणारा नुस्तेकार, हे त्याला कळत नाही. ट्रूकॉलरसारखी ॲप्स नाव दाखवतात खरी, पण ते नाव पुष्कळदा दुसऱ्या कोणीतरी आपल्या सोयीने ठेवलेले असते. आमच्या शेजारच्या रिक्षावाल्याचे नाव तिथे 'म्हापसा भाडे नको' असे दिसत असे.

दुसरे कारण जागेचे आहे. अँड्रॉइडच्या मूळ रचनेत कॉलच्या यादीत सुमारे 500 नोंदी राहतात आणि त्यापुढे नवी नोंद आली की सर्वांत जुनी पुसली जाते. फोन बनवणारी कंपनी ही मर्यादा वाढवू शकते. आयफोनवर ही यादी कित्येक वर्षे शेवटच्या 100 कॉलपुरतीच दिसत असे. दिवसाला आलेले, केलेले, चुकलेले असे पंचवीस कॉल धरले तर 500 नोंदी वीस दिवसांत भरतात. अडीच महिन्यांपूर्वी ज्याला फोन केला त्या पाडेल्याची नोंद यात टिकणार कशी? आईच्या यादीतून तो हरवला त्यामागे बिघाड कसलाच नव्हता, नुसता हिशेब होता.

तिसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. पूर्वी अँड्रॉइड प्रत्येक संपर्कामागे 'किती वेळा संपर्क केला' हा आकडा स्वतःच्या कोठारात ठेवत असे आणि इतर ॲप्सना तो वाचता येई. 2019 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 10 पासून ही मोजणी मूळ प्रणालीतून काढून टाकली गेली. त्याच सुमारास गूगलने आपल्या प्ले स्टोअरवरील ॲप्सना कॉलची यादी वाचण्यास कडक बंधन घातले, त्यामुळे मुख्य डायलर, म्हणजे फोन लावण्याचे ॲप, म्हणून नेमलेले ॲप सोडले तर बहुतेकांना ती आता मिळत नाही. आयफोनवर तर बाहेरच्या ॲपला कॉलची यादी वाचताच येत नाही. म्हणून 'तुमचे महत्त्वाचे क्रमांक आपोआप सेव्ह करू' असे सांगणारे एखादे अनोळखी ॲप दिसले, तर ते एकतर आपल्याला मुख्य डायलर करा म्हणून मागे लागेल किंवा सांगितलेले काम करणारच नाही. मी स्वतः अशा ॲपच्या वाटेला जात नाही, कारण माणसाच्या कॉलची यादी म्हणजे त्याच्या घराची उघडी खिडकी असते.

आणखी एक फट लक्षात ठेवा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपवरून केलेले कॉल फोनच्या नेहमीच्या यादीत सहसा येत नाहीत, ते व्हॉट्सॲपच्याच यादीत राहतात. ज्यांची मुले कुवेतला, लंडनला किंवा बोटीवर आहेत, अशा गोव्यातल्या घरांत सर्वांत जास्त बोलणे याच मार्गाने होते. फोनच्या लेखी मात्र ती मुले 'क्वचित बोलणारी' ठरतात.

पहिली पायरी : क्रमांक कुठे राहणार, ते आधी ठरवा

क्रमांक सेव्ह करण्यापूर्वी तो कुठे सेव्ह होतो हे पाहणे, ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. अँड्रॉइड फोनवर तीन जागा असतात : सिम कार्ड, फोनची स्वतःची मेमरी आणि गूगल खाते. सिममध्ये सहसा 250 च्या आसपास क्रमांक मावतात, नाव आखूड ठेवावे लागते, आणि पत्ता किंवा टीप असे काही त्यात बसत नाही. फोनच्या मेमरीतले क्रमांक फोनबरोबर जातात, मग तो फोन फेरीबोटीतून मांडवीत पडो की खिशात पावसाने भिजो. गूगल खात्यातले क्रमांक मात्र नव्या फोनवर खाते उघडताच परत येतात.

त्यासाठी कॉन्टॅक्ट्स ॲप उघडून उजवीकडे वर असलेल्या आपल्या खात्याच्या चित्रावर दाबावे, तेथून कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये जावे आणि नवा संपर्क कोणत्या खात्यात जातो हे पाहून तिथे आपले गूगल खाते निवडावे. त्याच सेटिंग्जमध्ये फोनच्या मेमरीतील संपर्कांचाही बॅकअप घेण्याची सोय असते, तीही चालू करावी. सॅमसंगच्या फोनवर हीच गोष्ट त्यांच्या स्वतःच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये 'मॅनेज कॉन्टॅक्ट्स' या नावाखाली सापडते आणि तेथे सिममधले किंवा फोनमधले जुने क्रमांक एकगठ्ठा गूगल खात्यात हलवता येतात. आयफोनवर सेटिंग्जमध्ये कॉन्टॅक्ट्स या भागात 'डिफॉल्ट अकाउंट' असते. आयफोन सिममधले क्रमांक आत घेतो, पण सिमवर नवा क्रमांक लिहीत नाही.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. ऑक्टोबर 2024 मध्ये व्हॉट्सॲपने संपर्क आपल्याच खात्यात जतन करण्याची सोय जाहीर केली. ती उपयोगी असली, तरी तेथे नाव लिहिताना फोनमध्येही सेव्ह करण्याची खूण बंद राहिली, तर तो क्रमांक फक्त व्हॉट्सॲपमध्ये राहतो आणि साधा फोन करताना सापडत नाही. ती खूण चालू आहे ना, हे दर वेळी पाहावे.

दुसरी पायरी : यादी चाळणे

आता कॉलची यादी उघडा. फोनने मोजणी केलेलीच आहे, आपण फक्त चाळण लावायची. माझ्या अनुभवात नुसत्या संख्येपेक्षा पुढील तीन प्रश्न अधिक उपयोगी पडतात, आणि ते मी याच क्रमाने विचारतो.

पहिला प्रश्न : हा फोन मी केला होता का? ज्या अनोळखी क्रमांकावर तुम्ही आपणहून, वेगवेगळ्या दिवशी, निदान दोनदा फोन केला आहे, तो सेव्ह करण्याजोगा आहे असे खुशाल समजावे. आलेल्या कॉलची संख्या मात्र फसवी असते. आईच्या यादीतले कर्जवाल्याचे चौदा कॉल हे त्याचेच उदाहरण. जाहिरातीच्या कॉलसाठी आपल्याकडे 140 ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत, ते तर पाहताक्षणी सोडून द्यावेत.

दुसरा प्रश्न : बोलणे किती वेळ चालले? क्रमांकावर दाबून 'हिस्टरी' किंवा माहितीचे चिन्ह उघडले की प्रत्येक कॉलचा कालावधी दिसतो. एक मिनिटाहून अधिक बोलणे झाले असेल, तर पलीकडे कोणीतरी खरा माणूस कामासाठी बोलत होता. अपवाद मिस्ड कॉलचा. आपल्याकडे 'पोहोचलो की मिस्ड कॉल दे' ही रीत अजून चालू आहे. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, मुलगा फाटकाशी आला की एक रिंग देतो आणि आई पाव घ्यायला बाहेर जाते. त्या नोंदीचा कालावधी शून्य असतो, तरी घराचा सकाळचा चहा तिच्यावर अवलंबून असतो. अशी नोंद रोज ठरावीक वेळी येते, त्यामुळे डोळ्यांना ती लगेच ओळखू येते.

तिसरा प्रश्न : हा क्रमांक मिळाला नाही, तर माझे काय अडेल? याचे उत्तर कोणतेही यंत्र देऊ शकत नाही, आणि म्हणूनच ही पायरी हाताने करावी लागते.

यादी चाळण्याचे काम दर पंधरा दिवसांनी, निदान महिन्यातून एकदा करावे. वर सांगितलेली 500 ची मर्यादा पाहता, ज्यांना फार फोन येतात अशा दुकानदारांनी किंवा घरे भाड्याने देणाऱ्यांनी आठवड्याला करावे. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणानंतर आईचा फोन घेऊन बसतो आणि ती शेजारी बसून क्रमांक ऐकते. "हा कोण?" असे विचारले की निम्म्यांची नावे तिला वेळेवरून आठवतात : सकाळी साडेसहाचा म्हणजे दूधवाला, सायंकाळी सातचा म्हणजे देवळातल्या भजनी मंडळाचा. दहाच मिनिटांचे काम असते.

तिसरी पायरी : जे क्वचित लागतात, त्यांची वेगळी यादी

सवयीवर चालणाऱ्या कोणत्याही पद्धतीचे खरे वैगुण्य इथे आहे. ज्यांच्याशी आपण रोज बोलतो त्यांचे क्रमांक हरवले, तरी ते स्वतःच संध्याकाळपर्यंत फोन करतात. हरवतात ते वर्षातून एकदा लागणारे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पूजा सांगायला येणारे भटजी वर्षातून एकदाच फोनवर येतात, आणि तेव्हा गावातील प्रत्येक घर त्यांना एकाच आठवड्यात शोधत असते. पाडेली तीन महिन्यांनी लागतो. पहिल्या मोठ्या पावसात वीज गेली की वायरमन लागतो, विहिरीचा पंप बिघडला की पंपवाला, पडवीत फुरसे दिसले की सर्पमित्र. रात्री अकरा वाजता बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कोणाला न्यायची वेळ आली, तर गाडी घेऊन येईल असा एक माणूस प्रत्येक वाड्यावर असतो. त्याचा क्रमांक फोनमध्ये हवा. पंचायतीचे सचिव, गॅस एजन्सी, घरपट्टीच्या कामात मदत करणारा ओळखीचा, गावातला मोटरसायकल पायलट (दुचाकीवरून भाडे नेणारा), हेही त्यातच धरावेत.

ही यादी करण्यासाठी फोन बाजूला ठेवावा आणि कागदावर वर्षाचे बारा महिने लिहावेत. प्रत्येक महिन्यासमोर घरात काय घडते ते आठवावे : मे महिन्यात कौले शाकारणारा, जूनमध्ये गटार उपसणारा, श्रावणात आणि चवथीला भटजी, दिवाळीआधी रंगारी, जत्रेला पाहुण्यांसाठी गाडीवाला. आईबरोबर बसून आम्ही अशी बावीस नावे काढली आणि त्यांपैकी फोनमध्ये सापडली फक्त नऊ. उरलेले तेरा क्रमांक शेजाऱ्यांकडून, मावशीकडून आणि एक तर जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेला असा गोळा करावा लागला.

गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'लेबल' म्हणून सोय आहे. 'वर्षातून एकदा' असे एक लेबल करून ही सगळी नावे त्यात घालावीत, म्हणजे चवथीच्या आधी ती एकत्र पाहता येतात. असे एकत्र पाहण्याचे दुसरेही कारण आहे : आपल्या देशात बंद झालेला मोबाइल क्रमांक निदान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. वर्षभर न लावलेला क्रमांक अजून त्याच माणसाकडे असेलच असे नाही, म्हणून या यादीतल्यांना सणाच्या निमित्ताने एकदा फोन करावा. क्रमांक तपासून होतो आणि चौकशीही होते.

चौथी पायरी : नाव असे लिहा की सापडेल

आमच्या फोनमध्ये एकेकाळी 'प्लंबर', 'प्लंबर 2', 'नवीन प्लंबर' आणि 'प्लंबर नको' असे चार क्रमांक होते. नावांची शिस्त नसली की जतन केलेला क्रमांकही हरवल्यासारखाच असतो. गोव्यात अडचण अधिक, कारण नाईक, गावकर, गावस, परब या आडनावांची माणसे प्रत्येक वाड्यावर आहेत. मी तीन भागांची रीत पाळतो : आधी काम, मग नाव, मग गाव. 'पाडेली, विठू, मुळगाव' किंवा 'भटजी, सखाराम, साखळी'. (नावे अर्थातच बदलली आहेत.) काम आधी लिहिल्याने अडचणीच्या वेळी, नाव आठवत नसले तरी, 'पाडेली' एवढे लिहून शोधता येते. नातेवाइकांचे मात्र उलट करावे, त्यांचे नाव आधी.

लिपी एकच ठेवावी. अर्धी नावे देवनागरीत आणि अर्धी रोमन अक्षरांत असली, तर शोधताना दोनदा शोधावे लागते. घरात आई देवनागरी वाचते आणि नातवंडे रोमन टंकतात अशी स्थिती असेल, तर मुख्य नाव आईच्या लिपीत ठेवून दुसरे रूप टोपणनावाच्या रकान्यात लिहावे.

क्रमांकाच्या आधी देशाचा +91 हा संकेतांक नेहमी लावावा. परदेशातून किंवा बोटीवरून फोन करणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये हे संपर्क गेले, तर +91 नसलेला क्रमांक तेथून लागत नाही. गोव्यातील लँडलाइन 0832 ने सुरू होते, ती लिहिताना सुरुवातीचा शून्य काढून +91 832 असे लिहावे. कुवेत, दुबई, पोर्तुगाल येथील नातेवाइकांचे क्रमांकही त्या त्या देशाच्या संकेतांकासह ठेवावेत आणि त्याच नोंदीत त्यांचा गोव्यातला क्रमांक दुसरा म्हणून जोडावा. एकाच माणसाच्या दोन नोंदी करू नयेत.

पाचवी पायरी : जे आपोआप होते, ते पाहून चालू ठेवा

कॉलवरून नसले तरी ईमेलवरून गूगल संपर्क आपोआप जमवते. ज्याला तुम्ही जीमेलवरून पत्र पाठवता त्याचा पत्ता 'अदर कॉन्टॅक्ट्स' या वेगळ्या कप्प्यात जातो. हा कप्पा फोनच्या मुख्य यादीत येत नाही, त्यामुळे त्यातील कामाचे नाव स्वतः संपर्कांत आणावे लागते. संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल' या पानावर ही सोय बंद-चालू करता येते, आणि गूगल खात्याच्या 'पीपल अँड शेअरिंग' या भागात, इतरांशी होणाऱ्या व्यवहारातून कोणती माहिती जतन होते, तेही दिसते. कार्यालयीन काम करणाऱ्याने ती चालू ठेवावी, इतरांना तिचा फारसा उपयोग नाही.

याउलट आयफोनवरची 'सायलेन्स अननोन कॉलर्स' ही सोय सावधपणे वापरावी. ती चालू असली की जे क्रमांक तुमच्या संपर्कांत नाहीत, ज्यांना तुम्ही अलीकडे फोन केलेला नाही आणि जे फोनला ईमेल वगैरेंतून माहीत नाहीत, त्यांचा फोन वाजतच नाही. जाहिरातींपासून सुटका होते हे खरे, पण रुग्णालयातून येणारा फोनही तसाच गप्प राहतो. घरात कोणी आजारी असेल त्या काळात ती बंदच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावी पायरी : तारांकित नावे आणि रात्रीचा फोन

आता सेव्ह केलेल्या नावांतून सात-आठ नावे निवडून त्यांच्यापुढच्या ताऱ्यावर दाबावे. फोन स्वतः वर आणतो ती वारंवार बोलणाऱ्यांची नावे आणि तुम्ही तारा दिलेली नावे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बदलत राहते, दुसरी तुमच्या हाती असते. तारा देण्याचा खरा फायदा रात्री कळतो. अँड्रॉइडवर 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असतानाही तारांकित माणसांचे फोन वाजू द्यावेत असे ठरवता येते. तिथेच 'रिपीट कॉलर्स' ही सोय आहे : एकाच क्रमांकावरून 15 मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला, तर तो वाजतो. आयफोनवर हाच अवधी 3 मिनिटांचा आहे. कॉलच्या सवयीवरून फोनने काही ठरवावे, याचे मला पटलेले हे एक उदाहरण, कारण रात्री दोन वाजता लागोपाठ दोनदा फोन करणाऱ्याचे काहीतरी खरेच अडलेले असते. घरच्यांना हे सांगून ठेवावे : पहिला उचलला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा करा.

वृद्धांच्या फोनवर तारांकित नावांपैकी तीन-चारांची चित्रे मुख्य पडद्यावरच ठेवावीत. अँड्रॉइडवर पडद्यावर बोट दाबून धरल्यास विजेट्स दिसतात, त्यांत थेट कॉल करणारे विजेट असते. छायाचित्र घातले तर वाचावेही लागत नाही.

सातवी पायरी : आणीबाणीचे संपर्क

2005 मध्ये बॉब ब्रॉची या ब्रिटिश रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने अशी कल्पना मांडली की प्रत्येकाने फोनमध्ये 'आयसीई', म्हणजे आणीबाणीत कळवण्याचा क्रमांक, या नावाने एक संपर्क ठेवावा. ती जगभर पोहोचली, परंतु आता फोन कुलूपबंद असतो आणि आतला संपर्क परक्याला दिसत नाही. म्हणून तो कुलपाबाहेर दिसेल अशा जागी ठेवावा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधील 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' या भागात रक्तगट, औषधे आणि आणीबाणीचे संपर्क भरता येतात, आणि ते कुलूप न उघडता 'इमर्जन्सी'वर दाबून पाहता येतात. आयफोनवर 'हेल्थ' ॲपमधील 'मेडिकल आयडी'मध्ये हीच माहिती भरून 'शो व्हेन लॉक्ड' चालू करावे. भरल्यावर फोन कुलूपबंद करून स्वतः एकदा पाहावे, कारण भरलेले दिसतेच असे गृहीत धरणे चुकीचे ठरते.

1 जानेवारी 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांत आपत्कालीन बटण असावे, असा नियम आहे. साध्या फोनवर 5 किंवा 9 हे बटण दाबून धरल्यास, तर स्मार्टफोनवर पॉवरचे बटण भराभर दाबल्यास आपत्कालीन फोन लागतो. किती वेळा दाबायचे ते फोनप्रमाणे बदलते, नव्या अँड्रॉइडवर बहुधा पाच वेळा. 112 हा सर्वसाधारण आपत्कालीन, 108 रुग्णवाहिकेचा, 101 अग्निशमन दलाचा आणि 1930 ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक. हे चारही नावानिशी सेव्ह करून ठेवावेत, कारण घाबरलेल्या माणसाला तीन अंकही आठवत नाहीत. वाटेवर झाड आडवे पडले, तर 101 वर कळवावे.

आठवी पायरी : साफसफाई आणि प्रत

कॉन्टॅक्ट्स ॲपमधील 'ऑर्गनाइज' या भागात एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळवण्याची सोय आहे. ती जे सुचवते ते डोळे झाकून मान्य करू नये : वडील आणि मुलगा यांचा लँडलाइन क्रमांक एकच असला, तर ती दोघांना एक करू पाहते. चुकून पुसलेला संपर्क गूगलच्या कचराकुंडीत 30 दिवस राहतो, तेवढ्या काळात परत आणता येतो. त्याच भागातून सगळे संपर्क एका व्हीसीएफ फाइलमध्ये काढता येतात. ती फाइल वर्षातून दोनदा काढून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर पाठवून ठेवावी. यादी परक्या ॲपच्या हाती जाऊ नये, म्हणून सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या परवानग्या उघडून कॉन्टॅक्ट्सची परवानगी कोणाकोणाला आहे ते एकदा पाहावे. टॉर्चला किंवा पत्त्यांच्या खेळाला ती लागत नाही.

शेवटी कागद. चतुर्थीच्या दिवसांत तास न् तास वीज नसते आणि फोन बंद पडतो तेव्हा गूगल खाते उपयोगाचे नसते. तारांकित आणि 'वर्षातून एकदा' या दोन्ही याद्या मोठ्या अक्षरांत, पेन्सिलने लिहाव्यात, म्हणजे क्रमांक बदलला तर खोडता येतो. आईने आमची यादी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवली आहे आणि नावांचा क्रम तिने स्वतः लावला : पहिला पाडेली, दुसरे भटजी, तिसरा पंपवाला. माझे नाव त्यात सातवे आहे.